रथ झाल्यावर सही

मला राग लवकर येतो, हे आमच्या भावकीत सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी मी चिडले की आई म्हणायची, हिला हळद शिजवायच्या काहिलीशेजारी बसवा, जळण वाचेल. आता वय झालं, दवाखान्याच्या नोकरीत बरंच काही गिळायला शिकले, पण एक राग अजून खाली बसत नाही. तो सहा महिने नऊ दिवसांचा आहे. त्यातल्या सहा महिन्यांबद्दल माझी तक्रार नाही. वरचे नऊ दिवस मात्र मी माझ्या हातानं देऊन टाकले, आणि त्यांच्यापायी माझी आई आज गावाकडच्या सोप्यात बसून आहे आणि मी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

मी नर्स आहे. मिरजेला शिकले, तिथंच बारा वर्षं नोकरी केली, मग परीक्षा देऊन अमेरिकेला गेले. लग्न मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. नर्सांना तिकडं मागणी असते, म्हणून ग्रीन कार्ड लगेच मिळालं. ग्रीन कार्ड म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी, असं गावात सगळ्यांना सांगत होते. पण त्या कायमच्यालाही कलमं आहेत. पाच वर्षं तिथं सलग राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि नागरिक झालं की मगच आईवडिलांना कायमचं नेता येतं. नुसतं ग्रीन कार्ड असणाऱ्याला नवरा नेता येतो, बायको नेता येते, लेकरं नेता येतात. आई नाही. हा नियम कुणी केला मला माहीत नाही. त्यालाही आई असणारच.

मला आईला न्यायचं होतं. यात दुसरं तिसरं काही नव्हतं. मी ज्या वॉर्डात काम करते तिथं सगळ्या म्हाताऱ्या बायका. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, केस विंचरायचे, घास भरवायचा. परक्यांच्या आयांची सेवा करून मी पगार घेते आणि माझ्या आईचे पाय सुजले की भावजय फोनवर फोटो पाठवते, हे मला खुपत होतं. वडिलांना, आबांना, विचारलं तर ते म्हणायचे, मी देशाची सरहद्द राखून आलोय, आता परक्याच्या देशात जाऊन भांडी घासू काय. ते लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर उसाच्या फडाला पहारा देत असल्यागत बांधावर उभे राहायचे. आई मात्र तयार होती. तिनं गुपचूप पासपोर्ट काढून घेतला होता आणि तो मसाल्याच्या डब्याखालच्या फडताळात, पिशवीत पिशवी घालून ठेवला होता.

माझी पाच वर्षं भरायला दीड वर्षाच्या आतबाहेर राहिलं होतं, आणि आबांना लकवा झाला. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात निघाले. निघताना एक गोष्ट पक्की माहीत होती: सहा महिन्यांच्या आत परत यायचं. त्यापेक्षा जास्त बाहेर राहिलं तर तिथलं सलग वास्तव्य तुटलं असं धरतात, आणि तुटलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. ग्रीन कार्ड राहतं, माणूस राहतो, पण आधी मोजलेली वर्षं पुसली जातात. हे मला माहीत होतं. अडाण्यासारखी चूक केली असती तर राग इतका टिकला नसता.

आबा मिरजेच्या दवाखान्यात चार आठवडे होते. ज्या दवाखान्यात मी कधीकाळी रात्रपाळ्या केल्या त्याच्याच समोरच्या दवाखान्यात. मी नर्स, तरी त्यांच्यासाठी काही करू शकले नाही. तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि त्या तोंडानं ते एवढंच विचारायचे, उसाला पाणी दिलं का. आषाढात गेले. तेरावा उरकला आणि चार दिवसांनी अधिक श्रावण लागला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळं याच्यावर अडलं, आणि अधिक महिना लागल्याचं मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही. आबांचं मासिक श्राद्ध कधी धरायचं यावर भटजी आणि चुलते माझ्यासमोर तासभर घोळ घालत बसले होते.

मी ऑगस्टमध्ये निघणार होते. भाऊ म्हणाला, वारसनोंद होऊ दे. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, शेती तो बघतो, हळद सांगलीच्या पेठेत तो घालतो, आईआबांना त्यानंच सांभाळलं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्याचं म्हणणं एवढंच, की सातबाऱ्यावर आबांच्या जागी आई, मी आणि तो अशी तीन नावं लागतील, शिवाय आजोबांपासून आत्याचं नाव आहेच. तर आम्ही तिघी बायकांनी हक्कसोड करून द्यावी, म्हणजे सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर होईल. आमच्याकडं बहिणी हक्कसोड करतात. भाऊ साडी नेसवतो, बहीण सही करते आणि माहेर टिकतं. ज्या बहिणीनं सही केली नाही तिच्याबद्दल गावात जे बोलतात ते मी लहानपणापासून ऐकत आले. मला जमीन नको होती. अमेरिकेत बसून मी त्या उसाचं काय करणार होते?

सही मी त्याच आठवड्यात करून दिली असती. पण आधी वारसनोंद, आणि तलाठ्याकडं तीन गावांचा कारभार. कधी ते दुसऱ्या गावी, कधी सर्व्हर बंद, कधी मृत्यूच्या दाखल्यावर आबांच्या नावात एक काना जास्त. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपल्याकडं म्हणतात. तिकडचं सरकार म्हणतं, सहा महिने थांबलीस तर संपलीस. मी या दोन सरकारांच्या मधोमध दर आठवड्याला तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बसत होते. तिकडं माझी बारा आठवड्यांची रजा संपली आणि दवाखान्यानं गोड भाषेत कळवलं की जागा भरली आहे. घराचा करार ऑगस्टअखेर संपत होता, तो मी संपू दिला. एका मैत्रिणीनं माझं सामान तिच्या गॅरेजमध्ये ठेवून घेतलं. रिकाम्या खोलीचं भाडं कशाला भरा, असा शेतकऱ्याच्या घरातला हिशेब. पुढं हाच हिशेब माझ्या मुळावर आला.

नोंद ऑक्टोबरात झाली. आता सही. तर आत्या आडवी आली.

आत्या म्हसवडला दिलेली. तिचं म्हणणं साधं होतं: आधी पुतणीची सही बघते, मग माझी करते. तिला वाटत होतं, अमेरिकेची पोरगी आपला हिस्सा राखून ठेवणार आणि म्हाताऱ्या आत्याला तेवढी सोडायला लावणार. मग भावानं ठरवलं, एकाच दिवशी, एकाच दस्तावर, तिघींच्या सह्या. मी म्हटलं, मी आज करते, आत्यांचा दस्त नंतर वेगळा कर. तो म्हणाला, मग आत्या कधीच करणार नाही. तू समोर अंगठा देताना तिनं डोळ्यानं बघायला पाहिजे. आत्यानं निरोप पाठवला की ती येईल, पण रथ झाल्यावर. तिच्या सासरच्या घराचा नेम आहे. दिवाळीच्या पाडव्याला सिद्धनाथाचे घट बसले की देवाचं लग्न लागून रथ निघेपर्यंत त्यांच्यातली बाई गावाची वेस ओलांडत नाही. मीही म्हटलं, बरं. देवाच्या कामात कोण बोलणार. आदल्या वर्षी मी अमेरिकेत असताना तिनं रथाचे फोटो पाठवले होते, ते नोव्हेंबरात चोवीस-पंचवीस तारखेला आलेले मला नीट आठवत होते. मी एकोणतीस नोव्हेंबरचं तिकीट काढलं. सहा महिन्यांच्या आत, वर चार-पाच दिवस हातात. मला वाटलं, मी फार हुशारीनं जमवलं.

अधिक महिना घरात येऊन गेला होता. भटजींनी घोळ घातला होता. तरी रथ अठरा-वीस दिवस पुढं गेला असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिकडं राहून माझं डोकं इंग्रजी तारखांचं झालं होतं आणि इथले सण मी त्याच तारखांना खिळे ठोकून बसवले होते.

दिवाळीच नोव्हेंबरच्या मध्यावर आली, तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली. मी सोप्यातलं कॅलेंडर काढलं. भावजयीनं दुधाचे आकडे लिहून त्याची पानं भरलेली, त्या आकड्यांतून मी मार्गशीर्ष शोधला. रथ तेरा डिसेंबरला. माझे सहा महिने त्याच्या आधी आठवडाभर संपत होते.

मी भावाला कॅलेंडर दाखवलं. त्यानं ते हातात धरून बराच वेळ बघितलं, जशी काही मीच त्यात खाडाखोड केली असावी.

"आक्का, आठ-पंधरा दिसांनं काय व्हतंय? एवढी वर्सं हायस तितं. आठ दिसांसाठी कोन तुला हाकलून देतंय?"

मी त्याला समजावून सांगितलं. हाकलत नाहीत, मोजणी तोडतात, मग आईला नेता येणार नाही. तो म्हणाला, आईला इथं काय कमी आहे. त्यात दुखावल्यासारखं होतं, आणि त्याचं खोटंही नव्हतं. मग तो कॅलेंडर परत खिळ्याला अडकवून रानात निघून गेला. भावजयीनं ताट वाढलं ते आपटून नव्हे, पण नेहमीच्या आग्रहाशिवाय. मी कुलमुखत्यारपत्राचं विचारून आले होते. वकील म्हणाले करता येईल. आत्या म्हणाली, कागदाला मी ओळखत नाही, पोरीला ओळखते.

मी तरी जाणार होते. बॅग काढली होती. त्या दुपारी आई परसात साठवणीची हळकुंडं उन्हात घालत होती, तिनं मला हाक मारली. आबांच्या मागे ती बोलेनाशीच झाली होती, त्यामुळं ती आपणहून काही बोलायला लागली की मी हातातलं काम टाकून जायची.

"थांब बाय," ती म्हणाली. "सही करून जा. भावाला दुखवून जाऊ नगंस."

मी म्हटलं, आई, तुझ्यासाठीच जाते आहे, हे तुला कळतंय का? ती खाली बघून हळकुंडं पसरत राहिली. मला वाटलं, शेवटी लेकाचीच बाजू घेतली. लेकीनं कितीही करावं, पारडं तिकडंच झुकायचं. रागाच्या भरात मी तिकीट पंधरा डिसेंबरला ढकललं. रागानं माणूस जातो, असं ऐकलं होतं; मी रागानं थांबले.

रथ झाला. दुसऱ्या दिवशी आत्या भंडाऱ्यानं माखलेलं कपाळ घेऊनच तालुक्याच्या निबंधक कार्यालयात आली. आम्ही तिघी एका बाकावर बसलो, आत्या, आई, मी. नाव पुकारलं की पुढं जायचं, कॅमेऱ्यापुढं बघायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा. माझा लगेच उमटला. आत्यानं डोळ्यावरचा चष्मा वर करून तो पडद्यावर उमटलेला बघितला आणि मगच उठली. आईचा उमटेना. आयुष्यभर हळद आणि ऊस केलेल्या बाईच्या बोटावर रेषा कुठून राहणार? कारकुनानं ओल्या फडक्यानं पुसायला लावलं, मग डोक्याच्या केसांवरून बोट फिरवायला लावलं, मग दुसरा अंगठा. सातव्या-आठव्या वेळेला यंत्रानं मानलं. आई हसली आणि म्हणाली, सुटले बाई. भावानं बाहेर येऊन तिघींना साड्या दिल्या. माझी आंब्याच्या कोवळ्या पानाच्या रंगाची. ती अजून घडी न मोडता माझ्या बॅगेच्या तळाशी आहे.

परत गेले तेव्हा विमानतळावरच्या माणसानं किती दिवस बाहेर होता विचारलं, मी खरं सांगितलं, त्यानं कार्डाकडं आणि माझ्याकडं बघितलं आणि आत सोडलं. मला वाटलं, भाऊ म्हणाला तेच खरं. दोन महिन्यांत दुसऱ्या दवाखान्यात नोकरी मिळाली, भाड्याची खोली मिळाली. पाच वर्षं भरत आली तसा अर्ज घातला. मुलाखतीला बोलावणं आलं.

समोर माझ्या अर्ध्या वयाची अधिकारी होती. वागायला अगदी सभ्य. तिनं माझ्या प्रवासाच्या तारखांवर पेन ठेवलं आणि विचारलं, या काळात तुमचं इथं घर होतं का? नव्हतं. नोकरी? गेली होती. कुटुंब? नाही. मी आबांचा मृत्यूचा दाखला काढला, भाषांतरासकट. ती म्हणाली, वडील गेल्याचं वाईट वाटलं, पण ते जुलैत गेले; तुम्ही डिसेंबरात परतलात. मधल्या काळात तुम्ही तिकडं कशासाठी होता?

आता तिला काय सांगू? मी तलाठी सांगितला. वारसनोंद सांगितली. मग आत्या सांगावी लागली, आणि आत्या सांगायची तर सिद्धनाथाचं लग्न सांगावं लागलं, आणि त्या वर्षी श्रावण दोनदा आला हेही. वर्षात एक महिना दोनदा कसा येतो, असं तिनं खरोखर कुतूहलानं विचारलं. मी वॉर्डात डॉक्टरांसमोर कधी अडखळत नाही. तिथं बोटांवर चैत्र-वैशाख मोजून दाखवताना मी दोनदा चुकले. शेवटी तिनं विचारलं, म्हणजे तुम्ही तुमच्या तिथल्या जमिनीच्या कामासाठी थांबलात. मी म्हटलं, नाही, जमीन सोडायच्या कामासाठी थांबले. तिनं मान हलवली आणि लिहिलं. काय लिहिलं ते पुढं पत्रातून कळलं: अर्जदार परदेशातल्या मालमत्तेच्या व्यवहारासाठी थांबली, इथं घर आणि नोकरी राखली नव्हती, सलग वास्तव्य तुटलं, अर्ज नामंजूर. परतलेल्या दिवसापासून साधारण साडेचार वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल, असं मला वकिलानं सांगितलं.

मी ते पत्र दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि मराठीत जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. नियमाला दिल्या, तलाठ्याला दिल्या, आत्याला दिल्या, सिद्धनाथाला देणार होते पण जीभ वळली नाही. ज्या बाईनं आपला हक्क सोडण्यासाठी मुक्काम वाढवला, तिनं मालमत्ता धरून ठेवण्यासाठी मुक्काम वाढवला असं कागदावर लिहिलं गेलं, आणि ते खोडायला मला जागा नव्हती.

बरं, कायमचं नाही तर चार-सहा महिन्यांसाठी तरी आईला आणू, पाहुणी म्हणून, असं मी ठरवलं. व्हिसाचा अर्ज भरला, भाऊ तिला मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत घेऊन गेला. खिडकीशी आईला एकटीलाच उभं केलं. पलीकडं विचारणारा आणि त्याचं मराठीत सांगणारी एक बाई. तिला विचारलं, घरी कोण कोण आहे, लेक तिकडं काय करते. मग विचारलं, आजी, तुमच्या नावावर इथं काय आहे, शेत, घर? आईनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, काही नाही, सगळं लेकाच्या नावावर करून मोकळी झाले.

पासपोर्ट खिडकीतून परत आला. इथं जिचं काही नाही, नवरा नाही, आणि लेक तिकडं आहे, ती बाई गेली तर परत येणार नाही, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं, हे मला जास्त जाळतं. आईच्या झिजलेल्या अंगठ्यानं सहा-सात वेळा नाही म्हटलं होतं. एका यंत्राला तेवढी अक्कल होती.

भावाला मी फोनवर नको ते बोलले. म्हटलं, एक गुंठा तरी तिच्या नावावर ठेवला असतास. तो म्हणाला, मला काय ठाऊक तिथं हे विचारतात. मग हळूच म्हणाला, आता लावतो पुन्हा, किती लावू? तेल गेलं, तूप गेलं आणि हा धुपाटणं पुढं करत होता. तरी त्यानं ते मनापासून विचारलं होतं, म्हणून मी फोन ठेवला.

गेल्या वर्षी तीन आठवड्यांची रजा काढून गेले. आता मी दिवस मोजूनच जाते. घराचा करार, पगाराच्या पावत्या, सगळ्यांचे फोटो फोनमध्ये घेऊन फिरते, जणू कुणीतरी कधीही अडवून विचारेल की बाई, तू नक्की कुठली. गावात वाटेवर भेटलेला माणूस विचारतो, कवा आलीस, आणि त्याच दमात, कवा जानार. पूर्वी मला त्याचं हसू यायचं. आता अंगाचा तिळपापड होतो, कारण दोन्ही देशांचे लोक मला तोच प्रश्न विचारतात.

आई आता पंचाहत्तरीला आली. पायांची सूज गुडघ्यापर्यंत चढते. मी रोज तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायची, पगाराशिवाय, आणि मला त्या वॉर्डातल्या बायका आठवायच्या. एकोणिसाव्या दिवशी दुपारी सोप्यात मी तशीच बसले होते आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, आई, तू त्या दिवशी थांब म्हणाली नसतीस तर आज तू माझ्या घरात असतीस. लेकासाठी तू मला अडवलंस.

तिनं माझा हात धरून थांबवला. मग म्हणाली,

"लेकासाठी न्हाई गं. तुझं लगीन मोडल्यालं. मी गेल्यावर हितं तुला कोन या म्हननार? सही न करता गेली असतीस तर हे दार लागलं असतं. दार उघडं ऱ्हावं म्हनून थांब म्हनलं."

माझा आवाज चढला. मला दार नको होतं, मला तू पाहिजे होतीस, असं मी ओरडले. भावजय हातातलं पीठ न झटकता बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. इतके दिवस ज्याच्यावर राग धरायचा तो माणूस शोधत होते, आणि तो सापडला तर तो माझ्या मांडीवर पाय ठेवून बसला होता, माझ्याच काळजीनं. आता या रागाचं मी करू काय?

आईनं पाय आखडून घेतले.

"ते साडंचार वर्सं कवा भरत्यात?"

मी सांगितलं. अजून तीन वर्षं, आणि मग वर कागदांना लागतील ती. तिनं मनात काहीतरी मोजलं. बहुतेक स्वतःचं वय.

"मी काढती तेवढी," ती म्हणाली. "पर मधी माझं काय बरंवाईट झालं तर तेराव्याला थांबू नगंस. आलीस तर तोंड बघ आन माघारी जा. भावानं म्हनू दे, आत्यानं म्हनू दे, कुनाचं ऐकू नगंस."

मी म्हटलं, तू गेल्यावर मला ते नागरिकत्व कशाला पाहिजे? कुणाला आणायचंय मग मला? तिनं पदरानं डोळे पुसले, मग माझे पुसले, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. दुधाच्या आकड्यांच्या शेजारी, मी आले त्या तारखेपासून रोज एक, अशी हळदीच्या बोटाची टिंबं लावलेली होती. मी एकोणीस दिवस त्या भिंतीसमोर जेवत होते आणि मला वाटत होतं, भावजयीचा काहीतरी हिशेब असेल.

"वरडू नगं," आई म्हणाली. "आज किती दिस झालं?"

"एकोणीस."

"मग बॅग भर."